पाइप गरम, तलाव गार: घरचा स्विमिंग पूल तापवताना या चुका टाळा

तलावाचं पाणी तापत नाही म्हणून कुणी बोलावलं की मी हीटरकडे आधी जात नाही. आधी विचारतो, रात्री तलावावर काय झाकता? बहुतेकदा उत्तर येतं, "काहीच नाही." तिथंच अर्धं निदान होतं.

तलाव उघडा ठेवणं

तलावातली उष्णता मुख्यतः वरून जाते, बाष्पीभवनातून. भिंतींतून आणि जमिनीत जाते ती त्यामानाने थोडी. हिशेब करून बघा. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला १ किलोकॅलरी लागते. पण तेच १ लिटर पाणी वाफ होऊन उडतं तेव्हा सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं, आणि त्या उरलेल्या पाण्यातूनच घेतलेल्या असतात. ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल तलावात साधारण ४५ हजार लिटर पाणी मावतं. त्याची पातळी बाष्पीभवनाने ५ मिलिमीटर उतरली, म्हणजे १६० लिटर पाणी उडालं, की सगळा तलाव जवळपास २ अंशांनी गार होतो. कोरड्या, वाऱ्याच्या दिवशी एवढं पाणी सहज उडतं. ते २ अंश भरून काढायला १०० युनिटांहून जास्त उष्णता ओतावी लागते.

एका घरी एवढ्याच तलावासाठी दोनदा हीट पंप (हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र) बदलला होता, दुसरा पहिल्यापेक्षा मोठा. मी गेलो त्या सकाळी पाण्यावरून वाफ चढत होती आणि घरातली माणसं ती मला कौतुकाने दाखवत होती: "बघा, किती गरम झालंय!" दिवसभर कमावलेली उष्णता त्यांच्या डोळ्यांसमोर निघून चालली होती. मला वाईट वाटलं, कारण दोन्ही वेळा पंप विकणाऱ्याने कव्हरचा विषयच काढला नव्हता. मी बाकी कशाला हात लावला नाही. बबल कव्हर, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांचं तरंगतं प्लास्टिक, मापाने कापून घातलं, बुडबुडे पाण्याकडे आणि सपाट बाजू आकाशाकडे. आठवड्याभरात पंप रात्रीचा थांबू लागला.

कव्हर दिवसाही ठेवा. "ऊन आत जायला हवं" म्हणून लोक सकाळी काढून ठेवतात. पारदर्शक कव्हरमधून बरंचसं ऊन आत जातंच, आणि बाष्पीभवन दिवसाही थांबत नाही. काढलेल्या कव्हरची घडी किंवा गुंडाळी उन्हात उघडी टाकू नका, आतल्या थरांत उष्णता कोंडून प्लास्टिक खराब होतं. क्लोरीनचा मोठा डोस दिल्यावर त्याची पातळी उतरेपर्यंत कव्हर घालू नका. आणि पोहण्याआधी ते पूर्ण काढा, अर्धं गुंडाळून कुणालाही पाण्यात उतरू देऊ नका. खाली अडकलेलं मूल वरून दिसत नाही. या एका बाबतीत मी कुणाची सबब ऐकत नाही.

पॅनेलमधून पाणी मुद्दाम हळू सोडणं

उन्हावर तलावाचं पाणी तापवणारे सोलर पॅनेल नव्याने बसवलेल्या प्रत्येकाला हा मोह होतो. पॅनेलमधून येणारं पाणी जेमतेम कोमट लागतं, मग व्हॉल्व्ह थोडा आवळला की ते कढत येतं आणि वाटतं, जमलं. एका घरमालकांनी पाणी असंच आवळून ठेवलं होतं. परतीच्या पाइपला हात लावला तर चटका बसत होता आणि तलावाचं तापमान मात्र आठवडाभर जागचं हललं नव्हतं. पॅनेल बदलायचं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं.

मिनिटाला ५ लिटर पाणी २० अंशांनी तापून आलं, तर तलावाला १०० किलोकॅलरी मिळाल्या. तेच पाणी मिनिटाला ५० लिटर सोडलं आणि फक्त ३ अंशांनी तापलं, तरी १५० मिळतात. तलावासाठीचे काळे प्लास्टिकचे पॅनेल बिनकाचेचे असतात. ते जितके तापतील तितकी उष्णता आजूबाजूच्या हवेला देऊन टाकतात. म्हणून चालू पॅनेल हाताला गार लागायला हवं. मी व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, फिल्टर धुतला आणि त्यांना सांगितलं की आता चार दिवस पाइपला हात लावायचा नाही, रोज एकाच वेळी थर्मामीटर तलावात हातभर खोल धरायचा. तापमान चढू लागलं.

धीर हवाच. तलावाएवढ्या क्षेत्रफळाचे पॅनेल, कव्हर आणि स्वच्छ ऊन असेल तर दिवसाला १-२ अंश ही चांगली चाल आहे. ज्यांना पाहुणे येण्याआधी दोन तासांत गरम पाणी हवं, त्यांनी गॅस हीटर घ्यावा; कधीमधी वापरायच्या तलावाला तोच योग्य.

बाकीच्या चुका, थोडक्यात

पॅनेल कमी घेऊ नका: तलावाच्या पृष्ठभागाच्या निम्मं तरी क्षेत्रफळ हवं, थंड हवेत तलावाएवढं. छतावर काळ्या नळीची वेटोळी घालायचा जुगाड सोडून द्या. २ सेंटीमीटर जाडीची १०० मीटर नळी उन्हाला फक्त २ चौरस मीटर तोंड देते, आणि वर हिशेबात घेतलेल्या तलावाला किमान १६ लागतात.

सोलरचा पंप टायमरवर चालवू नका. ढगाळ दुपारी किंवा रात्री तेच पॅनेल तलाव गार करतात. पॅनेल आणि तलाव यांच्या तापमानातला फरक ओळखणारा कंट्रोलर लावा, त्याचा सेन्सर पॅनेलइतक्याच उन्हात ठेवा. पाणी उलटं वाहू न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही विसरू नका.

क्लोरीनची गोळी स्किमरमध्ये (तलावाच्या काठचं, वरचं पाणी ओढून घेणारं तोंड) टाकण्याची सवय मोडा. त्या गोळीचं आम्लधर्मी पाणी थेट हीटरच्या तांब्याच्या कॉइलमध्ये जातं आणि तांबं खातं. मग भिंतीवर निळे-हिरवे डाग पडतात. क्लोरीन हीटरच्या नंतर, पाण्याच्या वाटेत सगळ्यात शेवटी सोडा. पाण्याचा पीएच (आम्लता मोजणारा आकडा) ७.२ ते ७.८ ठेवा.

हीट पंप बंद खोलीत किंवा भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नका. तो स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढतो आणि दमतो. त्याच्याखाली पाणी साचलं म्हणून लगेच मेकॅनिक बोलावण्याचीही गरज नाही. त्या पाण्यात क्लोरीन तपासायची पट्टी बुडवा. क्लोरीन नसेल तर ते हवेतलं दव आहे, पंप नीट चाललाय. क्लोरीन दिसलं तर मात्र पंप बंद करा आणि आधी जोड तपासा.