खंड्याची बिस्किटं: आधी वाळवण, मग डबा

बिस्किटं आदल्या दिवशी भाजायची. ज्या दिवशी कुत्र्याला द्यायची त्याच दिवशी पीठ मळायला घ्याल तर घाई होईल, आणि घाईत काय होतं ते मी बघितलं आहे.

गेल्या वर्षी आषाढात मी धोपाव्याच्या जेटीवरून स्कूटर एकटीने फेरीबोटीत चढवली आणि खाडीपलीकडे दाभोळला उतरवली. वय वर्षं 53. तो ओला उतार, खाली शेवाळ, मागे गाड्यांची रांग, आणि पाय टेकवायला धड जागा नाही. ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल. त्याआधी सहा महिने रोज संध्याकाळी मी शाळेच्या मैदानात स्कूटरने आठचा आकडा काढत होते. दोनदा पडले. तेव्हा गडग्यापाशी बसून शेवटपर्यंत थांबायचा तो आमचा खंड्या. म्हणून दाभोळहून परत आले ती हात धुऊन थेट पीठ मळायला बसले. बिस्किटं झाली, एक त्याला दिलं, बाकीची गरम गरम डब्यात भरली आणि झाकण घट्ट लावलं. पाचव्या रात्री तो ओकत होता आणि त्याचं अंग थरथरत होतं.

तेव्हा ही यादी वाचताना बाकी काही विसरलात तरी चालेल, वाळवण विसरू नका.

पिठाचं सांगते. दोन वाट्या नाचणीचं पीठ, एक वाटी तांदळाचं (घावनांसाठी दळून आणतो तेच), एक वाटी वाफवून कुस्करलेला लाल भोपळा, एक अंडं, एक चमचा खोबरेल तेल. नुसत्या नाचणीची बिस्किटं भुगा होतात, म्हणून तांदूळ आणि अंडं. पीठ ताजं दळलेलं हवं. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, भरलेली नाचणी चांगली तापवून ठेवली असेल तर तीच दळा, पण दळून महिनाभर पडलेलं, खवट वास येणारं पीठ नको. शेंगदाणे घालायचे असतील तर एकेक दाणा बघून घ्या. काळपट, सुरकुतलेला, कुबट वासाचा दाणा फेकून द्या. बुरशीतून तयार होणारं अफ्लाटॉक्सिन कुत्र्याच्या यकृतावर जातं, आणि भाजलं म्हणून ते जात नाही.

भोपळा वाफवल्यावर फडक्यात घालून पिळा. घट्ट पिळा. पिठात जितकं पाणी कमी जाईल तितकं नंतर वाळवायला कमी. मी पिळला नव्हता.

मीठ, साखर, गूळ नाही. कांदा-लसूण तर कुठल्याच रूपात नाही, पूडसुद्धा नाही. कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी त्याने फुटतात. मनुका आणि द्राक्षांनी मूत्रपिंड निकामी होऊ शकतं. चॉकलेट नाही. बाजारचं पीनट बटर घेणार असाल तर बरणीवरची बारीक अक्षरं वाचा. झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) लिहिलेलं असेल तर घरात आणूच नका, कुत्र्याची साखर त्याने अर्ध्या तासातही धाडकन उतरू शकते. आणि जायफळ. आपल्याकडे परसात झाड असतं, काही गोडसर दिसलं की हात आपोआप किसणीकडे जातो. कुत्र्याला जायफळ सोसत नाही. मासळीचा वास हवा असेल तर ताजा मासा उकडून, बोटांनी चाचपून एकूण एक काटा काढून घाला. खारा बांगडा नको. कुत्र्याला मूत्रपिंडाचं किंवा स्वादुपिंडाचं काही दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, माझं ऐकू नका.

लाटताना जाडी 4 मिलिमीटर, सगळीकडे सारखी. मी कौतुकाने बोटभर जाड केली होती, मोठी दिसावीत म्हणून. जाड बिस्किट वरून कडक होतं आणि आत ओलं राहतं. बाटलीच्या झाकणाने छोटी छोटी कापा आणि प्रत्येकाला काट्याने दोन-तीन भोकं पाडा, वाफ निघायला वाट हवी.

ओव्हन 160 अंशांवर, 25 ते 30 मिनिटं. पावसाळ्यात लाइट जाणार हे धरूनच चाला. मधेच गेली तर अर्धकच्ची बिस्किटं तशीच आत ठेवून वाट बघत बसू नका, जाड बुडाच्या कढईत जाळी ठेवून, झाकण घालून मंद आचेवर पुरी करा. काकडीचं धोंडस (आपला कोकणी केक) करताना खाली-वर विस्तव ठेवायचे, तशातलाच हा प्रकार. फक्त धोंडस मऊ राहावं म्हणून करतात आणि इथे मऊपणा अजिबात ठेवायचा नाही.

आता वाळवण.

भाजून झालं म्हणजे झालं नाही. बिस्किट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थच दोनदा भाजलेलं असा आहे. सगळी उलटा, ओव्हन 100 अंशांवर आणा आणि आणखी तास-दीड तास ठेवा. मग ओव्हन बंद करा आणि दार किंचित उघडं ठेवून रात्रभर आतच राहू द्या. ताटात काढून ओट्यावर ठेवू नका, आषाढातली हवा रात्रीत सगळं परत ओलं करते. सकाळी एक मोडून बघा. कट्‌कन आवाज आला पाहिजे. वाकलं, दाबलं गेलं, मधला भाग गडद दिसला, तर परत 100 अंशांवर एक तास. कंटाळा आला तरी परत. हाताला कोमट लागत असेल तर डब्याला हात लावायचा नाही. कोमट बिस्किटाची वाफ झाकणाला आतून धरते, तिचं पाणी होतं आणि ते खाली टपकतं.

हे मला कोणी शिकवायला नको होतं. आमच्या घरात आमसुलं, सांडगे, फणसाचे पापड कडकडीत वाळेपर्यंत अंगणातून हलत नाहीत. सूप उचलायच्या आधी आई एक पापड मोडून कानाशी धरायची. तिची मुलगी मी, आणि कुत्र्याच्या खाण्याला तेवढा वेळ दिला नाही.

डॉक्टरांनी येताना डबा घेऊन यायला सांगितलं होतं. त्यांनी त्यातलं एक बिस्किट घेतलं, वरून छान तांबूस, जरासुद्धा डाग नाही. मधोमध मोडलं. आत राखाडी लव होती, कापसासारखी. मी पाच दिवस वरून बघून देत होते. काही बुरशींचं विष थेट मज्जातंतूंवर जातं, अंग थरथरतं, झटकेही येऊ शकतात. त्याला सलाइन लावलं, दोन रात्री मी त्याच्याजवळ पडवीत झोपले, तिसऱ्या दिवशी त्याने भात खाल्ला. म्हणून परत सांगते: पूर्ण वाळवा, पूर्ण गार करा, मोडून बघा, मग डबा. कडा खरवडून तेवढं चांगलं वाटलं म्हणून देऊ नका. एकाला बुरशी दिसली की अख्खा डबा टाका, आणि कुत्र्याला उकरता येईल अशा उकिरड्यावर नको.

डबा पुसून कोरडा केलेला. आत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी, पण ती वाळवणाच्या बदल्यात नाही. पावसाळ्यात बाहेर तीन दिवसांपुरतीच ठेवा, बाकीची फ्रीजरमध्ये. छोट्या पुड्या करा, सारखी काढ-घाल केली की पाणी सुटतं.

झाकणावर चिठ्ठी चिकटवा. भाजल्याची तारीख आणि आपण केलेल्या कुठल्या गोष्टीसाठी भाजली ते. ‘धोपावे-दाभोळ, एकटी.’ ‘बँकेचा फॉर्म स्वतः भरला.’ तारीख डब्यासाठी, दुसरी ओळ आपल्यासाठी. गोष्ट किती का लहान असेना, लिहा.

किती द्यायची: दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आत. खंड्या 12 किलोचा, त्याला दिवसाला साधारण 700 कॅलरी लागतात, म्हणजे वरच्या खाऊच्या 70. दोन छोटी बिस्किटं, बस. पहिल्यांदा अर्धंच द्या आणि दुसऱ्या दिवसापर्यंत बघा. पाणी भरून ठेवा. शेजारच्या कुत्र्याला त्यांना विचारून.

शनिवारी मला स्कूटरने चिपळूणला जाऊन यायचं आहे. शुक्रवारी दुपारी भाजणार, रात्रभर ओव्हनमध्ये, सकाळी निघायच्या आधी एक मोडून बघणार. चिठ्ठी लिहून ठेवली आहे, चिकटवायची आहे ती परत आल्यावर.