होममेड प्रीअँप: डॅक आणि टेपचा आवाज एका पातळीवर कसा आणायचा

प्रीअँप म्हणजे सिलेक्टर आणि व्हॉल्यूम असलेली, पॉवर अँपच्या आधीची पेटी. तिच्यावर टेपवरून डॅकवर (डिजिटल फाइलचा अ‍ॅनलॉग सिग्नल करणारी पेटी) गेलं की आवाज एकदम वाढतो. सीडी प्लेअर आणि बहुतेक घरगुती डॅक जास्तीत जास्त २ व्होल्ट आरएमएस (एसी सिग्नलची परिणामी पातळी) देतात. जुन्या टेप डेकवर किंवा ट्यूनरवर ०.३ ते ०.५ व्होल्ट लिहिलेलं असतं. हे दोन आकडे थेट वजा करू नका. डॅकचा आकडा म्हणजे कमाल मर्यादा, डेकचा म्हणजे नेहमीची पातळी. खरा फरक गाण्यावरच मोजावा लागतो.

एकच गाणं टेपवर आणि फाइलमध्ये, असं शोधा. लाइन इनपुट असलेल्या यूएसबी साउंड कार्डातून दोन्हींचा तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा रेकॉर्ड करा. कार्डाचा गेन (रेकॉर्डिंगची पातळी) मधे हलवायचा नाही. डॅकच्या वेव्हफॉर्मचे माथे सपाट दिसले तर गेन कमी करून दोन्ही तुकडे पुन्हा घ्या. लॅपटॉपचं माइकचं भोक यासाठी चालत नाही, २ व्होल्टला ते हमखास क्लिप होतं, म्हणजे माथे कापले जातात. मग ऑडॅसिटीत दोन्हींचा आरएमएस बघा. जितके डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीतला फरक मोजायचं एकक) फरक, तितकं डॅकला खाली आणायचं.

टेपलाच का वाढवू नये? कारण तिच्याबरोबर हिसही (टेपची सूं अशी सततची सुरसुर) वाढते. शिवाय डॅक जोरात असला की व्हॉल्यूमचा नॉब जेमतेम सुरुवातीला राहतो, आणि स्वस्त ड्युअल पॉटचे (व्हॉल्यूमच्या नॉबमागचा, दोन चॅनलचा बदलता रेझिस्टर) दोन भाग नेमके तिथेच एकमेकांशी जुळत नाहीत. गायक एका बाजूला सरकतो. सॉफ्टवेअरमधून आवाज उतरवता येतो, २४ बिटला त्यात फारसं बिघडत नाही, पण घरातलं कुणीतरी तो परत फुल करतंच.

तेव्हा प्रीअँपवरच्या डॅकसाठीच्या आरसीए सॉकेटवर प्रत्येक चॅनलला दोन रेझिस्टर: एक सिग्नलच्या वाटेत, दुसरा त्याच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला. पुढे ५० केचा (के म्हणजे किलोओहम) पॉट धरून:

६ डीबी: ४.७ के आणि ५.१ के
१० डीबी: ६.८ के आणि ३.३ के
१२ डीबी: ६.८ के आणि २.४ के

पॉट खालच्या रेझिस्टरला समांतर येतो, हे बरेच जण विसरतात. पॉट १० केचा असेल तर शेवटची जोडी १२ ऐवजी १३ डीबी पाडते. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळच्या लॅमिंग्टन रोडवर पाव वॉटचे, एक टक्क्याचे मेटल फिल्म मागा. २.४ के नसेल तर २.२ के घ्या, १२.५ डीबी येतील. अर्ध्या डीबीसाठी ग्रँट रोडला दुसरी फेरी नको. थोडे जास्त घ्या आणि मीटरवर मोजून डाव्या-उजव्याच्या जोड्या लावा. प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा बदलता रेझिस्टर) लावायचा मोह टाळा. मुंबईच्या पावसाळ्यात उघडा प्रीसेट खरखरायला लागतो.

तपासताना पॉवर अँप बंद. फुल लेव्हलचा ४०० हर्ट्झचा साइन टोन डॅकवर वाजवा, सिलेक्टर त्याच इनपुटवर ठेवा आणि पॉटच्या वरच्या टोकाला एसी व्होल्ट मोजा. १२ डीबीला २ चे ०.५ व्हायला हवेत. एसीला फक्त २०० आणि ७५० व्होल्टच्या रेंज असलेला पिवळा मीटर इथे उपयोगाचा नाही. २ व्होल्टची रेंज हवी. टोन १ किलोहर्ट्झचा घेतला तर स्वस्त मीटर कमी दाखवू शकतात, म्हणून ४००.

०.५ ऐवजी १.७५ च्या आसपास व्होल्ट दिसले तर खालच्या रेझिस्टरचं ग्राउंड सुटलंय. एकाच चॅनलला कमी आले तर बहुधा रंगपट्ट्या वाचण्यात गोंधळ झालाय. व्होल्टेज बरोबर पण ५० हर्ट्झची घरघर आली, तर खालचा रेझिस्टर चॅसीला जोडला गेलाय; तो सोडवून त्याच सॉकेटच्या ग्राउंड टॅगवर आणा.