पाखरांच्या खाद्याचा फुकट नमुना कंपनीकडून कसा मागवायचा

पेलेट म्हणजे धान्य दळून, दाबून बनवलेले तयार खाद्याचे दाणे. त्याचं पाकीट महाग असतं आणि पाखरू ते खाईलच याची हमी दुकानदार देत नाही. जन्मभर राळा-बाजरी सोलून खाणारा बजरीगर, म्हणजे पिंजऱ्यातला तो छोटा रंगीत पोपट, पेलेटकडे पाहतो, चोचीनं एक दाणा उचलतो आणि खाली टाकून देतो. मग अख्खं पाकीट कोंबड्यांच्या पुढ्यात जातं. फुकटाची हौस कोणाला नसते, पण नमुन्याचा खरा फायदा हा, की पैसे मोजायच्या आधी पाखराची मर्जी कळते.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात शाखा डाकपाल आहे. गावाच्या लेखी ‘पोस्टवाली बाई’. घरी बजरीगर आहेत आणि कॉकाटेल या तुरेवाल्या पोपटांची एक जोडी आहे. नमुने मागवायची सवय मला या दोन्हींमुळे लागली, पाखरांमुळे आणि पोस्टामुळे. कोणतं पार्सल गावात पोहोचतं आणि कोणतं तालुक्यावरूनच माघारी जातं, हे रोज डोळ्यासमोर असतं.

आधी कशाचा नमुना मागायचा ते ठरवा. राळा, बाजरी, ज्वारी यांच्यासाठी कंपनीच्या मागे लागू नका. ते अकोला-अमरावतीच्या बाजारात सुटं मिळतं. राळ्याला दुकानदार कांगणी म्हणतो. घरच्या वावरातली ज्वारीही चालते. फक्त पेरणीतून उरलेलं पिशवीतलं बियाणं पिंजऱ्यात टाकू नका. त्याला थायरमसारखं बुरशीनाशक औषध रंग मिसळून चोळलेलं असतं, म्हणून ते गुलाबी-लाल दिसतं. गड्यामाणसांना हे माहीत असतं, पण पिंजऱ्याला दाणे टाकायचं काम घरातल्या लेकरांकडे असतं, त्यांना सांगून ठेवा. कटलबोनसाठीही (पाखरं चोचीनं खरवडतात ते पांढरं, चुनखडीसारखं हाड) पत्र लिहायची गरज नाही, जडीबुटीच्या दुकानात समुद्रफेस मागा. नमुना मागावा तो पेलेटचा, एगफूडचा (अंडं घातलेलं मऊ खाद्य) किंवा एखाद्या कंपनीच्या खास मिश्रणाचा, जिथं पाकीट महाग आणि पाखराची आवड बेभरवशाची.

आता कोणाकडे मागायचा? पाकीट उलटं करा. 2011 च्या पाकीटबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणे बनवणाऱ्याचं, पॅक करणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, सर्व करांसह किंमत आणि तक्रारीसाठी फोन-ईमेल छापावाच लागतो. लोक तो कोपरा वाचत नाहीत. दुकानात गेलात की मालकाला विचारून मागच्या बाजूचा फोटो काढून घ्या. पाकीट विकत घ्यायची गरज नाही. ज्या पाकिटावर यातलं काहीच नाही, नुसती पारदर्शक पिशवी आणि वर स्टेपलरची पिन, तो माल दुकानदारानं स्वतः भरलेला असतो. त्याचा नमुना मागायला कंपनीच नाही.

व्हर्सेल-लागा बेल्जियमची, व्हिटापोल पोलंडची, झुप्रीम आणि हॅरिसन्स अमेरिकेच्या. अशा परदेशी नावांच्या बाबतीत थेट परदेशात लिहिण्यात वेळ घालवू नका. तिथल्या नमुन्याच्या अर्जात राज्याच्या रकान्यात टेक्सास-ओहायो असतं, महाराष्ट्र नसतो. समजा कोणी दयाळूपणे टपालात टाकलंच, तरी दाणे-बिया देशात आणायच्या तर 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाप्रमाणे परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. शंभर ग्रॅमच्या पुडीसाठी ते कोण काढणार? पाकिटावर भारतातल्या आयातदाराचा पत्ता असतो, त्याला लिहा. माल त्याच्या गोदामात पडलेला असतो आणि विकायची घाई त्याला असते.

पत्र की ईमेल? ईमेल लवकर पोहोचतो. छोट्या पॅकिंगवाल्याचा व्हॉट्सॲप नंबर पाकिटावर असेल तर तो सगळ्यात बरा, तिथं मालक स्वतः उत्तर देतो. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांत जातं, पण कार्डावर पाखराचा फोटो चिकटवता येत नाही आणि इथं फोटो कामाचा असतो. मुंबई-पुण्याच्या कंपनीला मराठीत लिहा, बाकीच्यांना हिंदीत किंवा मोडक्यातोडक्या इंग्रजीत. भाषेनं अडत नाही, अडतं ते मोघमपणानं. ‘फ्री सॅम्पल पाठवा’ एवढ्या तीन शब्दांचे निरोप कंपनीत ढिगानं येत असणार. मी साधारण असं लिहिते:

‘महोदय, माझ्याकडे सहा बजरीगर आणि दोन कॉकाटेल आहेत. सध्या राळा, बाजरी आणि हिरवा पाला देते. त्यांना पेलेटवर आणायचं आहे. आपल्या लहान पक्ष्यांच्या पेलेटचं पाकीट अमरावतीच्या दुकानात पाहिलं. घेण्याआधी पक्षी खातात का ते पाहायचं आहे, म्हणून 50 ते 100 ग्रॅमचा नमुना मिळाल्यास बरं होईल. बारीक दाण्याचा असावा. वीस दिवसांनी पक्ष्यांनी कसं खाल्लं ते फोटोसह कळवीन. आमच्या गावात खासगी कुरिअर येत नाही, कृपया स्पीड पोस्टानं पाठवावं.’

खाली पत्ता आणि फोन. बस, एवढंच. पाखरांची संख्या खरी लिहा. ‘माझ्याकडे दोनशे जोड्या आहेत’ असं फुगवून लिहिणारे असतात. मग कंपनीचा माणूस पोत्याच्या ऑर्डरसाठी रोज फोन करतो.

एक गोष्ट विसरू नका. देशी पोपट, म्हणजे आपला राघू, पिंजऱ्यात ठेवणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. लाल मुनियाचंही तेच. गावोगावी ‘मिठ्ठू’ टांगलेले दिसतात म्हणून ते चालतं असं नाही. त्याचा फोटो जोडून खाद्य मागणं म्हणजे स्वतःच्या सहीनं कबुली पाठवणं. बजरीगर आणि कॉकाटेल मूळचे ऑस्ट्रेलियाचे, त्यांना हा अडसर नाही. आमच्याकडे बजरीगरला सगळे लव्हबर्डच म्हणतात, पण पत्रात नीट बजरीगर लिहा. लव्हबर्ड हा वेगळा, आफ्रिकेतला, चोचीनं दांडगा पक्षी आहे. त्याच्या मापाचं पेलेट आलं तर बजरीगरला ते फोडायलाच जड जातं.

पत्त्यावर मी जरा जास्त बोलणार, माझा धंदाच तो. ‘मु.’ म्हणजे तुम्ही राहता ते गाव, ‘पो.’ म्हणजे ज्या गावात पोस्ट आहे ते. दोन्ही एकच असेल तरच ‘मु. पो.’ एकत्र लिहा. वेगळी असतील आणि तुम्ही एकत्र लिहिलं, तर नव्या माणसाच्या हातात पार्सल दोन दिवस फिरत राहतं. त्यानंतर तालुका, जिल्हा आणि सहा आकडी पिन. एका पिनखाली कितीतरी गावं असतात, त्यामुळे नुसत्या पिनवर भागत नाही. शहरातली पोरं ‘हनुमान मंदिराजवळ’ लिहितात. आमच्याकडे हनुमान मंदिर कोणत्या गावात नाही? त्यापेक्षा घरातल्या कर्त्या माणसाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह लिहा. खेड्यात घर नंबरापेक्षा नावावरून लवकर सापडतं.

मी पोस्टातली, पोस्टाची बाजू घेणारच. पण खासगी कुरिअरचा पोरगा दर्यापूरहूनच फोन लावतो, ‘ताई, गाडी तिकडं येत नाही जी, घेऊन जा तुम्हीच.’ तुमचं तालुक्याला नेहमी जाणं असेल तर हरकत नाही. नसेल तर फुकटच्या नमुन्यापायी एसटीचं भाडं आणि अर्ध्या दिवसाची मजुरी जाते.

ईमेलखेरीज आणखी एक वाट आहे आणि मला विचाराल तर खेड्यातल्या माणसाला तीच जास्त फळते. कंपनीचे विक्री प्रतिनिधी अमरावती-अकोल्याच्या पेट शॉपला येतात आणि नव्या मालाच्या पुड्या दुकानात ठेवून जातात. दुकानदार त्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना देतो किंवा कपाटात विसरतो. त्याला सांगून ठेवा, ‘भाऊ, पाखराच्या खाद्याचा माणूस आला तर माझ्यासाठी एखादी पुडी ठेवजा.’ जिथं तुम्ही नेहमी काही ना काही घेता त्याच दुकानात हे सांगा. अनोळखी माणसानं तोंडी मागितलेलं कोणी लक्षात ठेवत नाही. आजूबाजूच्या गावांत पाखरं पाळणारे तीन-चार जण असतील तर सगळ्यांच्या नावानं एकच विनंती करा. चार पुड्यांपेक्षा एक किलोभराचं पाकीट एका पत्त्यावर पाठवणं कंपनीलाही परवडतं.

नागपूरला ॲग्रोव्हिजनसारखी शेतीची प्रदर्शनं भरतात. तिथं पशुखाद्याचे स्टॉल असतात, कोंबडीखाद्याच्या पुड्या सहज मिळतात. त्या कोंबड्यांनाच द्या. पिल्लांच्या खाद्यात बऱ्याचदा रक्ती हगवणीवरचं औषध मिसळलेलं असतं, ते पिंजऱ्यातल्या पाखरासाठी नाही.

फसवणुकीचं थोडक्यात सांगते. नमुना फुकट आणि ‘फक्त डिलिव्हरीचे 49 रुपये’ म्हणून लिंक आली तर ती उघडू नका. नमुना देणारी कंपनी ओटीपी मागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करायला सांगत नाही. आणि तुम्ही काहीच मागवलं नसताना पैसे देऊन सोडवायचं पार्सल दारात आलं तर सरळ नाकारा. नाकारायचा हक्क तुमचा आहे, पोस्टमन रागावणार नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे हाती लागणं कठीण.

पुडी आली की लगेच पिंजऱ्यात रिकामी करू नका. आधी तारीख आणि सील पाहा. मग वास घ्या. कुबट किंवा खवट वास आला, दाण्यांत जाळी दिसली, तर विषय संपला. मोठ्या पक्ष्यांच्या मिश्रणात शेंगदाणे आणि मका असतो, तिथं तर दाणा दाणा पाहावा. 1960 साली इंग्लंडात लाखावर टर्की मेले, ते बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीनं. अफ्लाटॉक्सिन हे विष त्याच तपासात सापडलं. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटातल्या पापडांवर बुरशी येते, तिथं पुडीचं काय सांगावं.

सालासकट बियांचं मिश्रण असेल तर आपली जुनी उगवण चाचणी करा. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा, चार-पाच दिवसांनी कोंब मोजा. सोयाबीनचं बियाणं 70 टक्के उगवलं तर पेरायला चालतं. पाखराच्या खाद्याला मी तितकी कडक नाही, पण निम्मेही कोंब आले नाहीत तर तो माल गोदामात म्हातारा झालेला आहे. त्या कंपनीचं पाकीट विकत घेऊ नका, नमुन्यानं तेवढं काम केलं. भगरीसारखे सोललेले दाणे उगवत नाहीत, ते या चाचणीत धरू नका.

पेलेटची परीक्षा निराळी. बजरीगर दिवसाला साधारण दीड-दोन चहाचे चमचे खातो, म्हणजे शंभर ग्रॅमची पुडी जोडीला पाहून घ्यायला भरपूर होते. नेहमीच्या दाण्यात चौथा हिस्सा पेलेट मिसळून सुरू करा आणि हळूहळू वाढवा. ‘उपाशी ठेवा, मग खाईल’ असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. एवढ्याशा जिवाला एक-दोन दिवसांची उपासमारही जीवघेणी ठरते. वाटी भरलेली दिसते म्हणून पोट भरलं असं समजू नका. वर नुसती टरफलं असतात. रोज सकाळी फुंकर मारून पाहा. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा असेल तर पाखराला छोट्या डब्यात बसवून वजन करा. बजरीगर 30 ते 40 ग्रॅमचा, कॉकाटेल 80 ते 100 चा. दहावा हिस्सा वजन उतरलं की जुन्या दाण्यावर परत या.

रंगीत पेलेटनं विष्ठेलाही रंग येतो, घाबरू नका. भिजवून देत असाल तर दोन तासांत वाटी काढा. मे महिन्याच्या उन्हात ते आंबतं. आमचा खारपाणपट्टा, विहिरीचं पाणी माणसाच्या घशाखाली उतरत नाही. कोरडं पेलेट खाऊन पाखरू पाणी जास्त पितं, त्यामुळे या दिवसांत पाणी गोडंच ठेवा, कॅनचं असलं तरी चालेल. उरलेली पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये.

आणि कळवते म्हणून लिहिलं होतं ते खरंच कळवा. बहुतेक जण नमुना घेतात आणि गप्प बसतात, म्हणून कळवणाऱ्याचं नाव कंपनीच्या लक्षात राहतं. चार ओळी पुरतात: कोणता पक्षी, किती दिवस, किती मिसळलं, वजन किती राहिलं, काय टाकून दिलं. पाखरांनी शिवलंही नसेल तरी तसंच लिहा आणि त्याच माणसाला विचारा, याहून बारीक दाण्याचं किंवा बिनरंगाचं काही आहे का. पहिल्या ईमेलला उत्तरच आलं नाही तर पंधरा दिवसांनी एकदा आठवण करा. तेही वाया गेलं तर दुकानातल्या पुढच्या पाकिटाची मागची बाजू वाचा.