मेहकर-लोणारकडून मुंबईच्या क्रूझला: वाटेतलं बघत, जहाज न चुकवता

सोयाबीन घरात आलं, हरभरा पेरून झाला की आमच्या भागात आता क्रूझची चौकशी सुरू होते. कोणाला आई-बाबांना समुद्र दाखवायचा असतो, कोणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालेली असतात. मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोचीकडे जाणारी जहाजं पावसाळा सोडून चालतात, आणि दिवाळीच्या आगेमागे लोणारपासून कसाऱ्यापर्यंत सगळं हिरवं असतं. फेब्रुवारीनंतर ते राहत नाही. म्हणून जायचं तर याच दिवसांत जा.

सल्ला देणारे मात्र पारावर एकच सांगतात: "काहून दिवस घालवता? समृद्धीनं सकाळी निघा ना बावा, दुपारी जहाजात बसा." हे ऐकू नका. जहाजाआधी तीन दिवस काढा आणि गाडी मुंबईत नेऊ नका.

तारखा उलट्या मोजा. जहाज शुक्रवारी असेल तर गुरुवारी मुंबई, बुधवारी वेरूळ, मंगळवारी लोणार. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात आणि अजिंठा सोमवारी, हे तिकीट काढायच्या आधी बघायचं. जहाज गुरुवारी असेल तर वेरूळ नेमकं मंगळवारी येतं. तेव्हा एक दिवस आधी निघा आणि मधला दिवस त्र्यंबकेश्वरला द्या.

लोणारला सकाळीच पोचा. उल्कापातानं बेसाल्ट खडकात पडलेलं ते सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर काठावरून एका नजरेत मावतं. म्हाताऱ्या माणसांना खाली उतरवू नका, त्यांना गोमुखाची धार आणि गावातलं दैत्यसूदनाचं मंदिर दाखवा. मंदिराच्या आत अंधार असतो आणि छतावरचं कोरीवकाम वर उजेड टाकल्याशिवाय दिसत नाही. टॉर्च सोबत ठेवा. पुढे सिंदखेड राजाला जिजाऊंचं जन्मस्थान असलेला लखुजीराव जाधवांचा वाडा, आणि मुक्काम वेरूळला. दुसऱ्या दिवशी कैलास लेणं दारं उघडताच गाठा, दुपारी जेवून नाशिककडे निघा.

आता तो टप्पा, जिथं माणसं फसतात आणि ज्याची घडी बसवायला मलाही बराच खटाटोप करावा लागला: रस्ता सोडून जहाजापर्यंत पोचणं.

जहाज संध्याकाळी सुटणार म्हणून लोक संध्याकाळचा हिशोब धरतात. खरा हिशोब चेक-इन बंद होण्याच्या वेळेचा आहे, आणि ते जहाज सुटण्याच्या कितीतरी आधी बंद होतं. ती वेळ तिकिटावर बघा आणि मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. एसटी हात दाखवला तर थांबते, जहाज थांबत नाही.

समृद्धीचा गैरसमजही मोठा आहे. नागपूरपासूनचा हा 701 किलोमीटरचा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला, पण तो संपतो भिवंडीजवळ आमण्याला. तिथून ठाणे ओलांडून बॅलार्ड पिअर, म्हणजे जहाजात चढायचा मुंबईतला धक्का, गाठायला किती वेळ लागेल ते कोणीही छातीठोक सांगू शकत नाही. त्यात रात्रभर गाडी हाकलेला ड्रायव्हर, सरळ रस्त्यावर डोळ्यांवर येणारी झापड आणि तापलेले जुने टायर. ज्या दिवशी जहाज आहे त्या दिवशी हा धोका पत्करू नये, घरात म्हातारी माणसं असतील तर मुळीच नाही. शिवाय इगतपुरी-कसारा टप्पा समृद्धीवर सुमारे 8 किलोमीटरच्या बोगद्यातून जातो. घाट बघायला निघालात आणि डोंगराच्या पोटातून गेलात, तर काय बघितलं?

तिसरी अडचण गाडीची. बरीच जहाजं एका बाजूचीच असतात, तुम्ही गोव्याला नाहीतर कोचीला उतरता. मग गाडी मुंबईत कोणाच्या भरवशावर ठेवणार?

म्हणून गाडी नाशिकरोडला सोडा. गावातलीच गाडी ठरवा, पण रिटर्नचं भाडं, नाईट हॉल्ट आणि ड्रायव्हरचा भत्ता हे तिन्ही निघायच्या आधी बोलून घ्या. नाशिकरोडला मुक्काम करून सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी काढा आणि खिडकीची जागा मागा. इगतपुरी सुटली की थळ घाट लागतो. इथली चढण 37 ला 1 अशी आहे, त्यामुळे वर येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिनं लावतात. तुम्ही उतरत असता तेव्हा समोरून अशी गाडी आली तर मुलांना दाखवा. बोगद्यातून बाहेर पडताच दरी, पुन्हा बोगदा, पुन्हा दरी. सगळ्या प्रवासातला सगळ्यात देखणा तुकडा हाच आहे. ही गाडी सीएसएमटीला येते आणि बॅलार्ड पिअर तिथून टॅक्सीनं अगदी जवळ. रात्री फोर्ट भागातच राहा. दादरला किंवा ठाण्याला पाहुण्यांकडे उतरण्याचा मोह आवरा, पाहुणे परतताना भेटतील.

सामानाचं थोडक्यात. मोठ्या बॅगा बंदरावर तपासून परस्पर खोलीत पोचवतात, म्हणून औषधं आणि ओळखपत्र हातातल्या पिशवीत. इस्त्री, किटली, चाकू घेऊ नका. आजीचा अडकित्ताही घरीच, सुपारी कातरून न्या. घरचा शिजवलेला डबा बहुतेक जहाजांवर चालत नाही, दशम्या-ठेचा फोर्टमधल्या मुक्कामीच संपवा. आणि बुकिंग करताना नाव आधार कार्डावर आहे तसंच, अक्षरन् अक्षर. गावात बाबांना ज्या नावानं हाक मारतात ते नाव बंदरावर चालत नाही.

जहाज मुंबईलाच परत येणारं असेल तर त्याच संध्याकाळची विदर्भ किंवा अमरावती एक्सप्रेस आधीच काढून ठेवा. दोन्ही सीएसएमटीवरूनच सुटतात. आपल्याला उतरायचं ते शेगाव अपरात्री येतं, तेव्हा घ्यायला येणाऱ्या गाडीवाल्याला आदल्या दिवशीच वेळ सांगा आणि झोपताना मोबाईलचा गजर लावा.