अंडाशय-गर्भाशयाच्या कर्करोगात केमो निवडताना

सुरुवात गाठीच्या तुकड्यापासून. तो १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तासच ठेवावा. जास्त राहिला तर डीएनए तुटतो आणि जनुक-चाचणी फसते.

अंडाशयाचा कर्करोग असेल तर बीआरसीए (डीएनए दुरुस्त करणारी जनुके) आणि एचआरडी (गाठीतली डीएनए-दुरुस्तीची कमतरता) तपासा, गर्भाशयाच्या अस्तराचा असेल तर एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ ही डीएनए-दुरुस्तीची प्रथिने. बीआरसीएत दोष असेल तर प्लॅटिनमचा (कार्बोप्लॅटिनसारख्या औषधांचा) गुण सहसा चांगला येतो. अंडाशयाचा आजार उलटला तर शेवटच्या प्लॅटिनमपासूनचे महिने मोजा. ६ किंवा जास्त झाले असतील तर पुन्हा प्लॅटिनम, नाहीतर बहुधा दर आठवड्याचे पॅक्लिटॅक्सेल किंवा लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन.

गाठीच्या पेशींवर प्रयोगशाळेतल्या बशीत औषधे लावून बघणारी चाचणी आकर्षक वाटते, पण फक्त तिच्या भरवशावर औषध ठरवू नये. बशीत ना रक्तपुरवठा असतो, ना यकृत.

खरी गोची कार्बोप्लॅटिनच्या डोसात होते. हिशोब सोपा: एयूसी × (जीएफआर + २५). एयूसी म्हणजे रक्तात औषध एकूण किती भेटावे याचे ठरवलेले लक्ष्य, जीएफआर म्हणजे मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्तद्रव गाळते तो आकडा. एयूसी ५, जीएफआर ७५ असेल तर ५०० मिलिग्रॅम. पण जीएफआरचा अंदाज क्रिएटिनिनवरून, म्हणजे स्नायूंतून रक्तात येणाऱ्या टाकाऊ पदार्थावरून काढतात; स्नायू कमी असलेल्या कृश बाईचे क्रिएटिनिन ०.४ (मिलिग्रॅम/डेसिलिटर) इतके कमी आले की जीएफआर कागदावर फुगतो, डोस चढतो आणि प्लेटलेट्स (रक्त गोठवणाऱ्या पेशी) कोसळतात. म्हणून अंदाजे काढलेला जीएफआर १२५ वर रोखतात.