स्विचबोर्डमध्ये पाल शिरून एमसीबी ट्रिप होणे : माझा अनुभव

बडोद्यात पावसाळा लागला की आमच्या ओसरीवरील स्विचबोर्डमध्ये पाल शिरून एमसीबी (शॉर्ट सर्किट वगैरे झाल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) वारंवार ट्रिप होत असे. अंड्यांची टरफले, डांबरगोळ्या, मोरपीस हे सर्व करून झाले. मोरपिसाशेजारीच पाल निवांत बसलेली पाहून वैताग येई. अखेर मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून घेऊन बोर्डाची प्लेट उघडली, तेव्हा वायरींमागे पांढरी, कडक कवचाची दोन अंडी आढळली. ती काढून, वायरी जेथून आत येतात त्या पाइपचे तोंड आणि बोर्डाच्या कडेच्या फटी सिलिकॉनने भरल्या व ते पूर्ण सुकल्यावरच वीज चालू केली. नंतर दारावरील पांढऱ्या दिव्याऐवजी पिवळसर एलईडी लावला, कारण त्याकडे किडे कमी येतात आणि पाल येते ती किड्यांमागेच.