कापरेकरांच्या ६१७४ वरून हातच्याची वजाबाकी शिकवताना

मुलाला हातच्याची वजाबाकी समजली आहे की नाही, हे पाहण्यासाठी त्याला ५२ मधून २५ वजा करायला सांगावे. उत्तर ३३ आले, तर दोनातून पाच जात नाहीत म्हणून मुलाने पाचातून दोन काढले आहेत, असे समजावे. ही चूक हलगर्जीपणाची नव्हे. वरची संख्या फोडता येते हेच त्याला अजून उमगलेले नसते. अशा वेळी नियम पुन्हा पुन्हा घोकून घेण्याऐवजी दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी त्याच्यासमोर ठेवावीत आणि पंचवीस रुपये मागावेत. दहाची एक नोट मोडल्याशिवाय पाच रुपये देता येत नाहीत, हे मूल स्वतःच सांगते. मोड करून झाल्यावर लगेच, तीच कृती वहीत ५ खोडून ४ आणि २ च्या जागी १२ लिहून दाखवावी.

यापुढे सराव हवा, आणि तो कॅल्क्युलेटरविना व उत्तरसूचीविना व्हावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी आपल्या नाशिककरांच्या हाताशी एक सुंदर साधन आहे. देवळालीच्या शाळेत अनेक वर्षे शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ साली ६१७४ या संख्येचा गुणधर्म मांडला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहून त्यातून तेच अंक चढत्या क्रमाने लिहून होणारी संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा हेच करावे. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४ येतेच.

चौकटीच्या वहीत एकेका चौकटीत एकच अंक लिहून मुलाकडून ३५२४ करून घ्यावे. पहिली वजाबाकी ५४३२ − २३४५ अशी होते. एककात २ मधून ५ जात नाहीत, म्हणून एक दशक सुटा करून १२ मधून ५ गेले, राहिले ७. दशकात आता २ च उरले, म्हणून एक शतक सुटे करून १२ मधून ४ गेले, राहिले ८. शतकात ३ मधून ३ गेले, राहिले शून्य. हजारात ५ मधून २ गेले, राहिले ३. उत्तर ३०८७. त्यानंतर ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि शेवटी ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे आलेले शून्य गाळू नये, चौथी चौकट नेहमी भरावी.

या सरावाची खरी किंमत चूक सापडण्यात आहे. दोन्ही संख्यांचे अंक तेच असल्याने प्रत्येक उत्तराला ९ ने भाग जातो, म्हणजेच उत्तरातील अंकांची बेरीज ९, १८ किंवा २७ यायलाच हवी. वर सांगितलेली चूक करून मुलाने ३११३ लिहिले, तर बेरीज ८ येते आणि चूक कोणत्या ओळीत आहे ते त्याचे त्यालाच दिसते. मात्र ३०८७ ऐवजी ३८०७ असे अंकांची अदलाबदल झालेले उत्तर या ताळ्यातून निसटते. म्हणून अधूनमधून उत्तर आणि खालची संख्या यांची बेरीज करून वरची संख्या येते का, हेही पाहायला लावावे.

लहान मुलांनी तीन अंकांपासून सुरुवात करावी: ७३१ − १३७ = ५९४, मग ९५४ − ४५९ = ४९५, आणि तेथेच साखळी थांबते. येथे फार दिवस रेंगाळू नये, कारण मधला अंक नेहमी ९ येतो हे चाणाक्ष मूल ओळखते आणि वजाबाकी न करताच ती चौकट भरू लागते.

शून्यातून हातचा घेण्याची वेळ आली की १००० ही संख्या द्यावी. १००० − ०००१ करताना मोड हजारापर्यंत जाऊन मागे यावी लागते. एका हजाराची दहा शतके, त्यांतल्या एकाची दहा दशके, त्यांतल्या एकाचे दहा एकक, असे मुलाने मोठ्याने बोलत लिहावे. उत्तर ०९९९ येते, आणि त्यापुढे ८९९१, ८०८२, ८५३२ व ६१७४.